पहिल्याच दिवशी थाप मारायला शिका



हे दृश्य आता वस्तीतील बहुतेक मुलांनी मोबाइलवर पाहिलेले असते. दोन खेळाडू जमिनीवर एकमेकांत गुंतलेले. ठोसा नाही, लाथ नाही. एकाने दुसऱ्याचा हात मांड्यांमध्ये धरून सरळ ताणलेला. ज्याचा हात अडकला तो समोरच्याच्या अंगावर दोन-तीनदा थोपटतो आणि त्याच क्षणी पकड सुटते. दोघे उठतात, हात मिळवतात, पुन्हा सुरू करतात. या खेळाचे नाव ब्राझिलियन जिउ-जित्सू.

बदनापूर हे जालना आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या मधले गाव. कॉलेजसाठी, कामासाठी आपली मुले-मुली रेल्वेने आणि एस.टी.ने दोन्हीकडे जातात. शहरात सेल्फ डिफेन्सचा, ज्युदोचा नाहीतर असाच एखादा फलक पाहून येतात आणि घरी विचारतात, ‘जाऊ का?’ मग घरात प्रश्न सुरू होतात. हाड मोडेल का? मुलीने परक्या मुलाशी झोंबायचे का? कपड्यांना पैसे किती लागतील? अंगावर गजकर्ण घेऊन येईल का? हे सगळे प्रश्न रास्त आहेत. या वेळच्या आरोग्य पानात आम्ही त्यांचीच उत्तरे देत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे : जरूर पाठवा, पण डाव शिकवण्याआधी थांबायला शिकवणारा क्लास निवडा.

हा खेळ आला कुठून?

जपानमध्ये जिगोरो कानो नावाचे एक शिक्षक होते. शरीराने लहानखुरे. जुन्या जपानी जुजुत्सूतील घातक डाव बाजूला ठेवून त्यांनी १८८२ मध्ये ज्युदो सुरू केला. त्यांची शाळा टोकियोतील एइशोजी या बौद्ध मंदिरात, अवघ्या १२ चटयांच्या जागेत भरत असे. आपले आणि जोडीदाराचे भले बरोबरच साधायचे, हे त्यांचे सूत्र होते. त्या परंपरेतील मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचले. त्यांची विद्या ग्रेसी कुटुंबातील कार्लोस यांनी घेतली. त्यांचे धाकटे भाऊ एलिओ अंगाने किरकोळ होते. जास्त ताकद लागणारे डाव त्यांना जमत नसत, म्हणून कमी ताकदीत, तरफेच्या जोरावर साधतील अशा पकडींवर त्यांनी भर दिला. त्यातून ब्राझिलियन जिउ-जित्सू घडला.

आपल्या कुस्तीशी याचे जवळचे नाते आहे. फरक शेवटात आहे. कुस्तीत पाठ टेकली की चीतपट, खेळ संपला. इथे पाठ टेकली की खरा धडा सुरू होतो. खाली पडलेल्या माणसाने स्वतःला कसे वाचवायचे, वर बसलेल्याला कसे उलटवायचे, तिथून कसे उठायचे, हा या खेळाचा गाभा आहे. पडून सावरण्याची ही विद्या अंगाने बारीक असलेल्यांच्या म्हणूनच उपयोगाची आहे.

बदनापुरातून रोज जाण्यायेण्याच्या टप्प्यात नेमका याच खेळाचा क्लास मिळाला नाही तरी हरकत नाही. ज्युदो ही त्याची आई आणि कुस्ती आपल्या घरची. दोन्ही शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये आहेत. जालन्याच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आणि शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडे चौकशी करा. पहिल्या दिवसाबद्दल आम्ही पुढे जे सांगतो आहोत, त्यातले बहुतेक ज्युदोला आणि मॅटवरच्या कुस्तीलाही लागू पडते.

नव्या जागी पहिला दिवस मोठमोठ्यांनाही जड जातो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा त्यांचे शरीर मातीतल्या कुस्तीवर घडलेले होते. मॅट आणि आंतरराष्ट्रीय नियम त्यांना सरावाचे नव्हते. तरी ते सहावे आले. चार वर्षे नव्या पद्धतीचा सराव करून १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यामुळे पहिल्या दिवशी आपले मूल गोंधळले, तर त्यात विशेष काही नाही.

जाण्याआधी तब्येत पाहा

दमा, हृदयविकार, फिट्स, उच्च रक्तदाब, मणक्याचे दुखणे किंवा नुकतेच झालेले ऑपरेशन असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. दमा असेल तर पंप पिशवीत हवाच. गरोदर भगिनींनी हा खेळ टाळावा.

दोन गोष्टी आपल्या घरांसाठी मुद्दाम सांगतो. पहिली, रक्त कमी असणे. महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. जिना चढताना धाप लागते, डोळ्यांसमोर अंधारी येते, अशा मुलीला आधी हिमोग्लोबिन तपासायला न्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. रक्त कमी निघाले म्हणून खेळ बंद करायला नको. लोहाच्या गोळ्या सुरू करायच्या आणि डॉक्टरांना विचारून हळूहळू सराव वाढवायचा.

दुसरी, सिकल सेल. हा आनुवंशिक आजार आदिवासी समाजाबरोबर विदर्भातील बौद्ध कुटुंबांतही आढळतो, आणि आपल्या सोयरिकी तिकडे असतात. पूर्ण आजार असलेल्याला पाणी कमी पडणे, अतिश्रम आणि थंडी यांमुळे तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. नुसता वाहक असलेला माणूस एरवी निरोगी असतो. मात्र उकाड्यात, पाणी न पिता, छाती फुटेस्तोवर श्रम केले तर क्वचित त्याच्याही जिवावर बेतते. १ जुलै २०२३ पासून देशात सिकल सेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. घरात कुणाला हा आजार असेल तर मुलांची तपासणी करून घ्या आणि निकाल प्रशिक्षकाला सांगा. यात लपवण्यासारखे काही नाही. ‘याला मध्ये मध्ये पाणी प्यायला थांबू द्या’, एवढ्या सूचनेने मोठा धोका टळतो.

अंगावर काय, पोटात काय

पहिल्या दिवसासाठी काही विकत घेऊ नका. अंगाला बसणारा टी-शर्ट आणि साधी ट्रॅक पँट पुरे. फक्त त्यावर चेन, बटण, हुक नसावेत, उघडे खिसे नसावेत. खिशात बोट अडकून मोडते. या खेळाचा जाड सुती अंगरखा, विजार आणि पट्टा असा पोशाख असतो. त्याला ‘गी’ म्हणतात. तो काही हजारांत जातो. दोन महिने मन रमले तरच त्याचा विचार करा. गीशिवाय, टी-शर्टवर खेळायचाही प्रकार असतो.

हातापायांची नखे आदल्या रात्री कापा. कानातले, नाकातले, बांगड्या, पैंजण, मंगळसूत्र, अंगठी, घड्याळ घरीच ठेवा. मुलांच्या कमरेचा करगोटा आणि मनगटातले धागे काढून ठेवा. पकडीत ओढला गेलेला धागा कातडी कापतो. लांब केस रबराने घट्ट बांधा, टोकदार पिन लावू नका. चष्मा बाजूला ठेवावा लागेल.

क्लासच्या दोन तास आधी पोटभर जेवण नको. भुकेलेही जाऊ नका. तासाभरापूर्वी एखादे केळे, मूठभर फुटाणे, नाहीतर अर्धी भाकरी चालते. पाण्याची बाटली स्वतःची. चपला मॅटच्या कडेपर्यंत घालायच्या आणि मॅटवर अनवाणी जायचे. मॅटवरून उतरून मोरीत किंवा बाहेर जाताना मात्र चपला घालायच्याच, कारण तिथली घाण पायाने मॅटवर येते आणि तिथे सगळ्यांची तोंडे टेकतात.

पहिल्या तासात काय घडते?

क्लास साधारण तास ते दीड तासाचा असतो. आधी सगळे रांगेत उभे राहून वाकून नमस्कार करतात. तो शिस्तीचा भाग आहे, पूजाअर्चेचा नाही.

मग अंग गरम करणे. हळू धावणे, मान-खांदे मोकळे करणे, कोलांट्या. पाठोपाठ पडायला शिकवतात. हनुवटी छातीला लावायची, म्हणजे डोके आपटत नाही. पाठ गोल करायची आणि पडताना हात पसरून मॅटवर मारायचा, म्हणजे आदळण्याचा जोर वाटला जातो. पडताना हात मागे टेकवून स्वतःला अडवायचे नाही, मनगट त्यानेच मोडते. ही एक गोष्ट शिकून आला तरी पहिला दिवस कामी आला म्हणा. ओल्या मोरीत घसरणाऱ्यापासून मोटारसायकलवरून पडणाऱ्यापर्यंत ती सगळ्यांच्या उपयोगाची आहे.

नंतर जमिनीवरच्या दोन हालचाली. एक, टाचा रोवून कंबर वर उचलणे. दुसरी, कुशीवर वळून बूड मागे ढकलत सरकणे. कोळंबी अंग आखडून मागे उसळते तशी ही हालचाल दिसते. नवख्यांना ती हमखास जमत नाही आणि हसू येते. येऊ द्या. पुढचे निम्मे डाव याच दोन हालचालींवर उभे असतात.

मग शिक्षक एक-दोन डाव दाखवतात. पहिल्या दिवशी बहुधा छातीवर बसलेल्याला उलटवायचा डाव असतो. त्याचा एक हात आपल्या छातीशी घट्ट धरायचा, त्याच बाजूचे त्याचे पाऊल आपल्या पावलाने अडवायचे, कंबर जोरात उचलायची आणि त्या बाजूला लोळायचे. टेकायला हातही नाही, पायही नाही, म्हणून वरचा माणूस कलंडतो. हा डाव जोडीने आठ-दहा वेळा, सावकाश करायचा. आधी समोरचा विरोध करत नाही, मग थोडा करतो.

शेवटची १५-२० मिनिटे मोकळी झुंज असते. तिला ‘रोलिंग’ म्हणतात. नवख्याला पहिल्या दिवशी बहुतेक ठिकाणी बसून पाहायला सांगतात किंवा अनुभवी जोडीदारासोबत हळू खेळवतात. खेळवलेच, तर दोन मिनिटांत श्वास फुलेल. याचे कारण कमजोरी नव्हे. घाबरलेला माणूस श्वास रोखतो आणि सगळे अंग ताठ करतो. नाकाने सावकाश श्वास घेत राहा, ओठ मिटलेले ठेवा.

थाप मारणे म्हणजे खरे बोलणे

आपल्या बोलीत थाप मारणे म्हणजे खोटे बोलणे. मॅटवर नेमके उलटे आहे. इथे थाप म्हणजे ‘पुरे, सोड’ असे खरेखुरे सांगणे. जोडीदाराच्या अंगावर दोन-तीनदा स्पष्ट थोपटायचे. हात अडकला असेल तर पायाने मॅटवर मारायचे. तेही जमत नसेल तर तोंडाने ‘टॅप’ म्हणायचे, ‘सोड’ म्हटले तरी चालते. थाप मिळताच समोरच्याने त्याच क्षणी सोडायचे. ‘आणखी थोडे’ नाही, ‘का?’ नाही, हसणेही नाही.

ही सूचना नुसती शिष्टाचाराची नाही. कोपराचा सांधा ज्या दिशेला वाकत नाही त्या दिशेला ताणला जात असतो. दुखायला लागणे आणि इजा होणे यांत क्षणाचेच अंतर असते. काही पकडींत तर वेदना उशिरा कळते, तोवर गुडघा किंवा खांदा गेलेला असतो. गळ्याच्या पकडीत मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि काही सेकंदांत माणूस बेशुद्ध पडू शकतो. म्हणून दुखेपर्यंत थांबायचे नाही. अडकलो हे कळले, की थाप.

आपल्या मुलांना हार मानू नको, असे आपण लहानपणापासून सांगतो. ज्यांना पिढ्यान् पिढ्या दाबले गेले त्यांच्या घरात ते साहजिकच आहे. पण मॅटवर थाप मारणारा मुलगा हरत नाही; तो आपले कोपर उद्यासाठी राखतो आणि पाच सेकंदांत पुन्हा खेळायला बसतो. हट्टाने थाप न मारणारा सहा आठवडे प्लास्टरमध्ये बसतो. हे घरात, क्लासला जाण्याआधीच बोलून ठेवा.

लहान मुलांना गळा आवळण्याचे आणि सांधे पिळण्याचे डाव शिकवू नयेत. ज्युदोतही लहान वयोगटांसाठी अशा डावांवर बंधने असतात. त्यांच्यासाठी पडणे, सरकणे, धरून ठेवणे आणि सुटणे एवढेच पुष्कळ आहे. आणि एक कळकळीची विनंती : मोबाइलवर पाहून हे डाव घरी, शाळेच्या मागे किंवा विहाराच्या फरशीवर करून पाहू देऊ नका. गळा दाबायचा खेळ तर कोणत्याही वयात, कधीही नको. फरशीवर डोके आपटले किंवा गळ्यावरची पकड चार सेकंद जास्त राहिली, तर भरून न येणारे नुकसान होते.

जोडीला कोण घेतो?

हा खेळ एकट्याने शिकता येत नाही. दुसऱ्याच्या छातीला छाती, गालाला खांदा लागतो, एकाचा घाम दुसऱ्याच्या अंगावर पडतो. स्पर्शावरून माणसाला दूर ठेवण्याचा इतिहास आपल्या आज्या-आजोबांनी भोगला आहे. म्हणून जोड्या कशा लागतात, इकडे आपले लक्ष असावे. चांगला शिक्षक दर काही मिनिटांनी जोड्या बदलतो आणि वजन, वय, अनुभव पाहून स्वतः लावतो. ‘आपापले जोडीदार शोधा’ म्हणून सोडून दिले, की आडनाव, गाव, वस्ती विचारली जाते आणि कुणीतरी कोपऱ्यात उरतो. आपले मूल तीन-चार दिवस सलग कोपऱ्यात उरत असेल, तर आधी शिक्षकाशी स्पष्ट बोला. शिक्षकाने ते उडवून लावले, तर तो क्लास सोडा. मूल कमी पडले, असे मात्र घरात कुणी म्हणू नये.

हीच जबाबदारी उलटही आहे. आपल्या मुलाला नवा, जाडा, तोतरा, वेगळ्या वस्तीतला जोडीदार मिळाला, तर त्याने नाक मुरडू नये.

मुलींसाठी आणि त्यांच्या आयांसाठी

मुलीने मुलासोबत सराव करायचा की नाही, हे तिने ठरवायचे. ‘मला मुलीसोबतच जोडी द्या’ असे म्हणण्याचा तिला हक्क आहे आणि चांगल्या क्लासमध्ये त्यावर वाद होत नाही. शिक्षकाने पकड दाखवताना आधी विचारावे, सगळ्यांसमोर दाखवावे आणि गरजेपुरतेच धरावे. दार बंद करून एकटीला शिकवणे, रात्री-बेरात्री मेसेज करणे, वजन पाहायचे म्हणून कपडे काढायला लावणे, ‘घरी सांगू नको’ म्हणणे, यांतले एकही दिसले तर तिथून बाहेर पडा. अठरा वर्षांखालील मुलामुलींवरील लैंगिक अत्याचारासाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे. मदतीसाठी मुलांचा क्रमांक १०९८, महिलांचा १८१ आणि तातडीचा ११२.

पाळीच्या दिवसांत खेळायला हरकत नाही. अंग दुखत असेल, रक्तस्राव जास्त असेल तर विश्रांती घ्यावी, पण ‘चालत नाही’ म्हणून घरी बसवण्याचे कारण नाही. आत घट्ट शॉर्ट आणि वर गडद रंगाची पँट घातली की मनातली धास्ती कमी होते.

तीन महिने शिकली म्हणजे मुलगी कुणालाही लोळवेल, असे जाहिराती सांगतात. त्यावर विसंबू नका. समोर दोघे असतील, कुणाच्या हातात शस्त्र असेल, तर पळणे आणि ओरडणे हाच पहिला डाव. या सरावातून मिळते ते वेगळे असते : कुणी मनगट धरले किंवा वर बसले तरी अंग थिजत नाही, श्वास सुटत नाही आणि सुटायचा प्रयत्न सुचतो. हेही थोडे नाही.

कातडी सांभाळा

या खेळात हाडांइतकीच कातडी सांभाळावी लागते. गजकर्ण, पुवाचे फोड, नागीणीसारखे पाण्याचे फोड अंगाला अंग लागून पसरतात. उपाय स्वस्त आहेत, पण रोजचे आहेत. घरी येताच साबणाने आंघोळ. पाणी कमी असेल तर निदान मान, चेहरा, काखा, जांघा, हात-पाय साबणाने धुवा. अंग कोरडे पुसा. टॉवेल ज्याचा त्याचा. घामाचे कपडे पिशवीत कोंबून ठेवू नका. त्याच दिवशी धुऊन उन्हात वाळवा. तेच कपडे न धुता दुसऱ्यांदा घालू नका.

गोल, लालसर, कडेने खाजणारा चट्टा दिसला तर क्लास थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. दुकानातून ‘खाजेचे मलम’ आणून लावू नका. अशा अनेक मलमांत स्टेरॉइड मिसळलेले असते. दोन दिवस खाज थांबते, पण बुरशी आत पसरत राहते आणि मग महिनोन्‌महिने जात नाही. डॉक्टरांनी दिलेले औषध चट्टा दिसेनासा झाला तरी सांगितलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवा. घरात एकाला असेल तर सगळ्यांना तपासा.

कोणते दुखणे साधे, कोणते नाही

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मान, पोट, बोटे आणि दंड दुखतील. अंगावर निळे डाग दिसतील, कोपर-गुडघे खरचटलेले असतील. हे चार-पाच दिवसांत ओसरते. कान चुरगळून सुजला तर मात्र लगेच दाखवा, नाहीतर कुस्तीगिरांसारखा कायमचा गोळा होतो.

डोके आपटल्यावर उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात गोंधळ, मान दुखून हातापायांना मुंग्या, सांधा वाकडा दिसणे किंवा पायावर भार न पेलणे, छातीत दुखणे, क्षणभरही शुद्ध हरपणे. यांतले काहीही झाले तर खेळ तिथेच थांबवा आणि दवाखाना गाठा. डोक्याला मार लागलेल्याला त्याच दिवशी पुन्हा मॅटवर उतरवू नका. मानेला इजा झाल्याचा संशय असेल तर त्याला उठवून बसवू नका, जागीच ठेवून १०८ ला फोन करा. हाड ओढणे, तेल चोळणे, घट्ट पट्टी बांधणे हे घरचे प्रयोग नकोत.

खायचे काय?

महागड्या पावडरच्या डब्यांची गरज नाही. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने तुरीचे बीडीएन ७११ आणि बीडीएन ७१६ हे वाण दिले. आपल्या शिवारातली डाळ हाच आपला पहिला खुराक. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, शेंगदाणे, हरभरे, पालेभाजी, जमेल तशी अंडी, मासे किंवा मटण. जेवणानंतर लगेच चहा नको. त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा सराव सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करा. मुलाला वजनगटात बसवण्यासाठी उपाशी ठेवणे, पाणी तोडणे, प्लास्टिक गुंडाळून धावायला लावणे हे कुणी सांगितले तरी ऐकू नका.

पैसे भरण्याआधी हे पाहा

एक तास बसून क्लास पाहा. पालकांना बसू देत नसतील तर तिथे पाठवू नका. मॅट जाड, जोडलेली आणि पुसलेली आहे का? भिंती, खांब, लोखंडी कडा जवळ आहेत का? नवख्याला पहिल्याच दिवशी तगड्यासमोर सोडतात का? प्रथमोपचाराची पेटी आहे का? शिक्षक कुठे शिकले, हे विचारल्यावर सरळ उत्तर देतात का? मोठ्यांचे पट्टे पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी आणि काळा अशा क्रमाने मिळतात. काळ्यापर्यंत पोहोचायला बहुधा दहा वर्षे लागतात. वर्षात काळा पट्टा देतो म्हणणारा काय विकतो आहे, ते तुम्हीच ओळखा. संध्याकाळचा क्लास सुटल्यावर बदनापूरला परतायची गाडी कोणती, स्टेशनवरून घरी कोण आणणार, हे आधी ठरवा. चांगला क्लास असूनही पुष्कळ मुली या एका कारणाने सोडतात. वस्तीतल्या तीन-चार जणींनी मिळून जाणे सोयीचे.

आणि सगळ्यात महत्त्वाचे : एखाद्याने थाप मारल्यावर काय होते, ते पाहा. पकड तत्काळ सुटते का? शिक्षकाचे तिकडे लक्ष आहे का? उशिरा सोडणाऱ्याला तो टोकतो का? या तीन प्रश्नांची उत्तरे ‘हो’ असतील, तर बाकीच्या उणिवा भरून निघतात.

मूल पहिल्या दिवशी घरी आल्यावर ‘जिंकलास का?’, ‘कुणाला पाडलेस?’ असे विचारू नका. ‘थाप मारलीस का? लगेच सोडले का? तुला कुणी मारली तेव्हा तू लगेच सोडलेस का?’ एवढे विचारा. मग आंघोळीला पाठवा आणि ताट वाढा.